काकूच्या धुऱ्यावरचा दात

दुपारपासून हे लिहायचं टाळून राह्यलो. आधी चहा पेलो, मग उगाच गाडीची चेन कसत बसलो. आता लिहितोच.

समुद्रपूरकडे काकूच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाकडा, टोकदार गोटा होता. काकू त्याले शेंदूर लावून पुजते. "सरांले दाखवून आणतो," म्हणून मी तो मागून आणला. फोटो चांगला यावा म्हणून पॉलिश पेपरनं शेंदूर घासून काढला.

आज वर्ध्याला भूगर्भशास्त्राच्या सरांनी तो भिंगाखाली धरला.

"अबे, दात आहे हा! मांसाहारी डायनासोरचा वाटते. त्यांचे दात जन्मभर पडायचे अन् नवे यायचे. शिकार फाडताना एखादा तिथंच राहून जायचा. फक्त कडेले करवतीसारखे बारीक दाते पाह्यजे होते, मग मी छातीठोक सांगितलं असतं."

"होते ना सर. बोटाले लागत होते."

"मंग गेले कुठी?"



मातीनं एवढा काळ जे सांभाळलं, ते मी पाच मिनिटांत घासून टाकलं. काकूले काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?

थांबा, फाटक वाजलं. काकूच आली न कळवता, एसटीनं. हातात नारळ आहे.

"दे बापा, माह्या देवाले घरी नेतो."