डावीकडे ओढणारी गाडी

ती पांढरी गाडी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीही पाहिल्या. त्या मानाने हे साधं अपघाताचं प्रकरण. वरिष्ठांना तर ते आठवतही नसेल. पण निवृत्तीनंतर रिकामपणी जे गुन्हे मनात येतात, त्यांत हा पहिला येतो, आणि आला की दिवस वाईट जातो.

राज्याची वाटणी होण्याच्या आसपासचे ते दिवस. हैदराबादेत रोज मोर्चा, रोज बंद. माझ्या ठाण्यातले निम्मे शिपाई कायम बंदोबस्तावर, आणि उरलेल्यांच्या तोंडी एकच विषय, कोण इकडे राहणार आणि कोणाला तिकडे जावं लागणार. मला त्याचं नवल नव्हतं. आमचं घराणं मूळचं उदगीरकडचं, आजोबा शेती भावाकडे सोपवून इथे अफझलगंजला दुकानात कामाला आलेले. जुन्या हैदराबाद राज्याच्या मागच्या वाटणीत गाव महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही इथेच राहिलो. वाटणी झाली की माणसं आधी स्वतःला सांभाळतात, हे मी घरातच ऐकत वाढलो होतो.

एका रविवारी दुपारी दिलसुखनगरजवळ रस्त्याच्या डाव्या कडेला पेरू घेत उभ्या असलेल्या एका वृद्ध शिंप्याला गाडीने उडवलं. तो जागीच गेला. गाडी दिव्याच्या खांबाला अडली. पेरूवाला घाबरून पळाला तो पुन्हा त्या जागी दिसलाच नाही. माझा फौजदार पोहोचला तेव्हा गाडीजवळ तिचा ड्रायव्हर उभा होता. म्हणाला, मीच चालवत होतो. पंचनामा झाला, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला. गुन्हा जामिनाचा, त्यामुळे संध्याकाळी त्याला ठाण्यातूनच जामीन दिला आणि रोज हजेरी लावायला सांगितलं. आरोपी स्वतःहून कबूल, मग तपास तो काय राहिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली. नांदेडकडची. माझ्या छातीवरच्या पट्टीवर मराठी आडनाव वाचून तिला धीर आला असावा. म्हणाली, "सायेब, त्या वक्ताला हे घरीच जेवायले होते. सायबाचा फोन आला, तसंच ताटावरून उठून गेले."

बायका असं सांगतातच. तीस वर्षांत मला असा आरोपी भेटला नाही, जो गुन्ह्याच्या वेळी बायकोच्या मते घरी जेवत नव्हता. मी तिचं ऐकून घेतलं आणि जायला सांगितलं. पण ती उठेना. नवऱ्याची सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी उरली होती. नावावर गुन्हा राहिला की ती नोकरी गेलीच. एवढ्या वर्षांच्या खटपटीनंतर हाती आलेला घास माणूस स्वतःच्या हाताने का टाकेल, असं तिने मला विचारलं. हा प्रश्न मात्र बिनतोड होता.

हजेरीला आला तेव्हा मी त्याला खोलीत घेतलं. चाळिशीचा, सडपातळ, बोलायला मऊ. मी मराठीतच विचारलं, कुठून निघालास, कुठे चालला होतास, ब्रेक कधी दाबलास. उत्तरं बरोबर, पण पाठ केल्यासारखी. बायकोचं म्हणणं सांगितलं तर म्हणाला, ती येडी आहे, घाबरली आहे. मी आवाज चढवून पाहिला, चहा देऊन पाहिला. नाही म्हणजे नाही. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे स्वतःला वाचवायला बोलतो. हा स्वतःला अडकवायला बोलत होता, आणि अशा माणसाचं तोंड उघडणं फार कठीण.

गाडी मोटार वाहन निरीक्षकाकडे तपासणीला न्यायची होती. खांबाला धडकूनही बंपर आणि दिवा यापलीकडे तिचं फारसं बिघडलं नव्हतं, ती चालत होती. मी त्यालाच चालवायला बसवलं आणि शेजारी बसलो. गाडी सरळ रेषेत चालली होती. पण त्याचे हात सरळ नव्हते. स्टिअरिंग तो सतत थोडं उजवीकडे धरून ठेवत होता, जणू त्याला ते कळतही नव्हतं. नंतर निरीक्षकाने गाडी स्वतः चालवून पाहिली तर ती ताबडतोब डावीकडे जायला लागली. व्हील अलाइनमेंट बिघडलंय, तो म्हणाला, आणि धडकेने नव्हे, टायर एका बाजूने कधीचे झिजलेत.

परतताना मी ड्रायव्हरला म्हणालो, "ही गाडी तुझ्या हातून डावीकडे जाणारच नाही. तुझे हात झोपेतसुद्धा तिला सावरतील. कोण चालवत होतं?"

"मीच होतो, सायेब," तो म्हणाला. पण या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीचा मालक सरकारी खात्यातला अधिकारी. वाटणीत त्याचं नाव पलीकडच्या राज्यात गेलं होतं आणि हैदराबादेतच राहू द्यावं म्हणून त्याचा अर्ज वर पडून होता. बदलीच्या गावाहून तो सुटीला येई, एरवी गाडी ड्रायव्हरच्याच ताब्यात. मी मालकाला जबाबाला बोलावलं. गृहस्थ सभ्य, शिकलेला. आपण त्या दुपारी घरी झोपलो होतो, असं त्याने तेलुगूत शांतपणे सांगितलं. मी सहज विचारावं तसं विचारलं, गाडी एका बाजूला ओढते हे तुम्हाला ठाऊक होतं का? त्याचा चेहरा एकदम लाल झाला. म्हणाला, मागच्या खेपेलाच मी ड्रायव्हरला अलाइनमेंट करून आण म्हणून बजावलं होतं. झालं म्हणाला. म्हणून तर मी निर्धास्तपणे चष्मा पुसायला हात काढला.

आपण काय बोलून गेलो ते त्याला उशिरा कळलं. शेजारी जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवायला सांगितलं.

पोलिसापुढचं असं बोलणं कोर्टात टिकत नाही, म्हणून बाहेरचा पुरावा गोळा केला. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने गाडीतून उतरलेला माणूस म्हणून मालकाला ओळखलं. इतके दिवस तो का बोलला नाही? कोणी विचारलंच नव्हतं, असं त्याचं उत्तर. ड्रायव्हरचा मोबाइल धडकेच्या वेळी त्याच्या घराजवळच होता, हेही निघालं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची सगळी तयारी आमची झालेली होती, ती अशी टळली.

हे सगळं समोर ठेवल्यावर ड्रायव्हर रडला. मला वाटलं, सुटकेचं रडणं आहे. तसं नव्हतं.

"सायेब, सायबाने खोटं नाय सांगितलं," तो म्हणाला. "अलाइनमेंट झाली म्हणून मीच बोललो. आज करू उद्या करू म्हणत ऱ्हायलो. माझ्या हाताला सवय झालती, मला ती ओढायली हेच समजत नव्हतं. चालवली त्यांनी, पण त्या म्हाताऱ्याला मारलं मीच. मग कबूल नक्को करू का?"

मी त्याला कायदा समजावला. निष्काळजीपणा चालवणाऱ्याचा धरला जातो, शिवाय मालकाने गुन्हा लपवला, निरपराध माणसाला पुढे केलं. मालकाने फोनवर त्याला काय ऐकवलं असेल याची मला कल्पना होती. तू काम केलं असतंस तर ही वेळ आली नसती, आता तूच निस्तर. विचारलं तेव्हा नेमकं हेच ऐकवल्याचं निघालं. ड्रायव्हरने मान हलवली, पण त्याला काही पटलं असं दिसलं नाही. मी त्याचं नाव आरोपीतून काढलं, साक्षीदार केलं, पडताळणीत स्वच्छ अहवाल दिला. मालकावर दोषारोपपत्र गेलं आणि तो निलंबित झाला. मी समाधानात होतो. एका माणसाची भाकरी वाचवली असं घरी बायकोलाही सांगितलं.

काही महिन्यांनी ड्रायव्हरची बायको पुन्हा ठाण्यात आली. आभार मानायला आली असेल म्हणून मी खुर्ची द्यायला लावली. तिने सांगितलं की नेमणुकीचं पत्र आलं आणि मुदत टळून गेली, नवरा रुजू व्हायला गेलाच नाही. आता तो कोठीच्या बाजारात एका पुस्तकांच्या दुकानात गठ्ठे उचलतो. स्टिअरिंगला हात लावत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या भरतीतली पोरं विचारतात. हात पाहायला शिका, बायकांचं बोलणं टाकून देऊ नका, एवढं मी त्यांना सांगतो. दुसरं सांगत नाही. कागदावर माणसाला निर्दोष करणं आमच्या हातात असतं, आणि मला वाटायचं तेवढं पुरतं. ते पुरत नाही.

नवरा रुजू का झाला नाही, असं मी त्या दिवशी ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, सुटल्यावर तो एकटाच त्या शिंप्याच्या घरी गेला आणि त्याच्या विधवेपुढे बसून सगळं सांगितलं. म्हातारीला अलाइनमेंट म्हणजे काय ते कळेना. त्याने समजावलं, दुकानात गाडी उभी करायची, चाकं सरळ करून देतात. तिने शिवी दिली नाही, हाकललं नाही. फक्त विचारलं, किती वेळ लागतो? अर्धा तास, तो म्हणाला.

"इत्ताच? आधे घंटे का काम था?" असं म्हणून ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.