मागाच्या खड्ड्यातले दोन महिने

"नाव लांबलचक आहे," डॉक्टर म्हणाले. "न्यूरोमायोसायटिस."

मी विचारलं, "म्हंजे महारोग न्हाय न्हवं?"

"नाही हो. अजिबात नाही."

मी दवाखान्याच्या खाटेवर मोठ्यानं हसलो. शेजारचा पेशंट दचकून उठून बसला. पाय बधिर झाल्यापासून वडगावात आमच्या गल्लीत महारोगाचीच कुजबुज चालली होती, आणि भीतीपोटी मी तान्ह्या लेकीला जवळ घेणं सोडलं होतं. त्या दुपारी बायको तिला घेऊन आली, तेव्हा मी लेकीला पोटाशी धरलं ते सोडलंच नाही.

डॉक्टरांनी समजावलं. स्नायूंना सूज आली की मायोसायटिस. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसांना सूज आली की न्यूरायटिस. मला दोन्ही एकदम झालं होतं, आणि असं फार क्वचित होतं. मांडीतून काढलेला स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा मुंबईला तपासायला गेला होता. लढाईचे दिवस, त्यामुळे उत्तर यायला तीन आठवडे लागले.

आता सुरुवातीचं सांगतो. कुणाला असंच झालं तर त्यानं माझ्यासारखा मूर्खपणा करू नये.

आमचा माग खड्ड्याचा. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो, पाय खाली सोडतो आणि डावी-उजवी अशा दोन लाकडी पावड्या पायानं आळीपाळीनं दाबतो. एक दिवस मला तिथून उठताच येईना. मांड्यांत बळच नव्हतं. लाजेनं मी गप्प राहिलो आणि विणत बसलो. माझे वडील, आप्पा, भलतेच खूश झाले. "पोरगं आता मागाला चिकटलंय बगा," असं गल्लीभर सांगत सुटले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कौतुक ऐकत होतो, ते सोडवेना. घरात कुणी नसलं की आढ्याला बांधलेली दोरी धरून वर यायचो. असे दोन महिने काढले.

मग आडवा धागा नेणारा धोटा फेकायला हात उचलेना, पायही बधिर झाले. बायकोनं बरोबर हेरलं. "तुमी कष्टाळू न्हाय झालासा. तुमास्नी उठाय येत न्हाय," म्हणाली आणि टांगा बोलावून थेट कॅम्पाजवळचा हा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "यावर हमखास औषध नाही. विश्रांती घ्या, दूध-अंडी खा. सूज बहुधा उतरेल. पायांच्या स्पर्शाचं मात्र सांगता येत नाही."

चार महिने गेले. आप्पा रोज चालत यायचे. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मीच येडा रं. लेकराला उठाय येत न्हाय आन् मी मिरवत हुतो." त्यांचे डोळे भरले होते, माझेही. एका सकाळी मी हात वर करून माझा पटका स्वतः बांधला, तेव्हा नर्सबाईंनी सगळ्या वॉर्डाला चहा पाजला.

घरी आलो तेव्हा अंगात ताकद होती, पण पाय मुकेच. एकच पावडी दोनदा दाबली जायची आणि वीण बसायची नाही. वीतभर विणलं आणि रडकुंडीला आलो. पायच कळेनात तर विणकर कसला? बायकोनं सगळं पाहिलं, कुठूनसं एक घुंगरू आणलं आणि डाव्या पावडीला बांधलं. वाजलं तर डावी, नाही वाजलं तर उजवी.

"माग हाय का तमाशा?" आप्पा ओरडले. पण जरा वेळानं तेच ताल धरून मान हलवायला लागले, आणि आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पायांना अजून स्पर्श नाही, तरी रोज विणतो. तुम्हांला काही वेगळं जाणवलं तर पहिल्याच दिवशी बोला. लाजेपायी मी फुकट दोन महिने घालवले.

घुंगराच्या तालावर विणलेलं ते पहिलं लुगडं आप्पांनी बाजारात नेलं नाही. "सूनबाई, हे तू नेस," म्हणाले. विणकराच्या घरात लुगडं विकण्यासाठीच विणतात, असं कधी होत नाही. चुकलेली ती वीत बायको मुद्दाम पदरावर घेते आणि विचारेल त्याला बोट ठेवून दाखवते, "हितवर ह्यांचं पाय मुकं हुतं. हितनं फुडं बोलाय लागलं."