ओवीनं सांताला ओळखलं

मंडळी, आज संध्याकाळी आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीत मी सांता झालो होतो. कापसाची दाढी लावली, आवाजही बदलला.

मला बघून आमचा दोन वर्षांचा शंभू जोरात रडायला लागला. दाढी काढून त्याला कडेवर घ्यावं असं लई वाटलं, पण सोसायटीतली सगळी पोरं समोर उभी होती.

तेवढ्यात त्याची पाच वर्षांची ताई, ओवी, त्याच्या कानाशी वाकली. "रडू नको रे, आपले पप्पाच हायेत. कुणाला सांगू नको." मला ते ऐकू आलं. शंभू गप्प झाला आणि त्यानं चॉकलेटसाठी हात पुढं केला.

घरी आल्यावर ओवी मलाच विचारते, "पप्पा, कुठं होता तुम्ही? सांता येऊन गेला ना!"

"अरेरे, हुकला की माझा!" मी म्हणालो. बायको तोंड फिरवून हसत होती.

आता सांगा, तुमच्याकडं कोण कुणाचं मन राखतं?