सावली भरणारा पेंटर

एका माणसाला मी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "आता तुम्हाला यायला नको!" त्याचे कष्ट वाचवले म्हणून दिवसभर स्वतःवरच खूश होते. पन्नाशी उलटली होती, पण अक्कल अजून कच्च्या टाक्यावरच होती.

डोंबिवलीत माझा शिवणक्लास होता आणि दारावरचा पत्र्याचा बोर्ड त्याने रंगवलेला. तुम्हीही पाहिली असतील तसली अक्षरं: तिरकी, आतून पोकळ, कडेला लाल रेघ आणि मागे निळी सावली. ब्रश हातात घेण्याआधी तो रस्त्यात उभा राहून पंजा उन्हात धरायचा. "सावली आधी बघायची, बाई. अक्षर मग." ऊन डावीकडून येतं, म्हणून सावली उजवीकडे.

पहिल्यांदा मी म्हटलं, "अहो, सरळ काढा की. पडतील अशाने!"

"पडत नाहीत, निघालीत कुठंतरी," तो म्हणाला. पोरी फिदीफिदी हसल्या. मला मात्र वाटलं, हा माणूस वाकडंच काढतो आणि वर शहाणपणा शिकवतो.

दसरा झाला की तो कल्याणहून यायचा. निळा रंग उन्हाने फिका पडलेला असायचा. सावली भरायला अर्धा तास, आणि चहाला दोन. कप हातात धरून चौकशा चालायच्या. "ती उलटी बाही जोडणारी कुठाय? तिचं लग्न झालं? बाही सुलटी लागली का एकदाची?" सगळ्या पोरींची खबर त्याला हवी. त्याच्या घरी कोण असतं, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही. चकाट्या पिटण्यात माझा हात कोण धरणार, पण नेमकं तेवढंच राहिलं.

मग मी फ्लेक्स लावला. चकचकीत, कोपऱ्यात माझा फोटो. जुना पत्रा पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेला. दसऱ्यानंतर तो डबा-ब्रश घेऊन हजर. बराच वेळ वर बघत राहिला.

"सावली डावीकडे पडलीय, बाई."

"पडू दे हो, कोण बघतंय! याचा रंगच उडत नाही. आता तुम्हाला यायला नको."

"बरं झालं," म्हणाला. चहा न घेता गेला.

पुढच्या दसऱ्याला आला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात फ्लेक्स फोटोसकट, माझ्या नाकावरून उभा फाटला. मी पिंपावरचा पत्रा काढून घासला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याच्या चाळीचा पत्ता होता. इतकी वर्षं डोक्यावर असून वाचला नव्हता. त्याला बोलवायला कल्याणला गेले.

खोलीला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. मी डोंबिवलीहून आलेय म्हटलं. तो उन्हाळ्यातच वारल्याचं तिने सांगितलं. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली,

"तुम्हीच का त्या शिवणक्लासवाल्या? दसरा झाला की शर्टाला इस्त्री करायचे. म्हणायचे, डोंबिवलीला सावली भरायला जातो. गेल्या वर्षीपण इस्त्री केली. शर्ट घातला, आणि दारातच बसून राहिले."