भिंतीवरचा डाग

म्हाताऱ्या माणसांच्या बाथरूममध्ये आधाराला धरायच्या दांड्या बसवून द्यायचे, म्हणून सगळे त्यांना दांडीकाका म्हणत. गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही, हा काकांचा पहिला नियम. विचारलं की कुठलेही आजोबा छाती पुढे काढून सांगणार, "मला कशाला हवी दांडी? मुलीनं उगीच बोलावलंय तुम्हाला." काका मान डोलवायचे आणि गुपचूप भिंत बघायचे. जिथे हाताचे मळकट डाग दिसतील, तिथेच पेन्सिलीनं खूण करून ड्रिल लावायचे. "माणूस थापा मारतो, भिंत मारत नाही," हे ते घरी येऊन बायकोला इतक्यांदा ऐकवायचे की काकूंना ते तोंडपाठ झालं होतं.

परवा काका अंघोळ करून बाहेर आले आणि बाथरूमच्या दाराशेजारी काळपट डाग बघून त्यांचा पारा चढला. "आत्ता कुठे रंग दिलाय. पुसता येत नाही का कोणाला?"

"रोज पुसत होते," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "या आठवड्यात मुद्दाम ठेवलाय."

"मुद्दाम कशाला?"

"घरात आपण दोघंच. आणि माझा पंजा काही एवढा मोठा नाही."

काकांनी रंगाऱ्याला नावं ठेवली, मग साबणाला, मग फरशीला. काकूंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि उठून पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "घ्या, खूण करा."

"मला कशाला हवी दांडी?" काका छाती पुढे काढून म्हणाले. तेव्हा त्यांचा हात बरोबर त्या डागावर टेकलेला होता.