आधी दूध

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी बाप झालो. बायकोची रजा संपून ती विंचूरच्या कारखान्यात पुन्हा जाऊ लागली, तेव्हा मुलीला मी सांभाळायचं ठरलं. माझं हिशेबाचं काम घरूनच चालतं. बायको निघण्याआधी दूध काढून स्टीलच्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवून जायची.

सातव्या महिन्यात उष्टावण झालं. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. त्यासाठी कळवणहून आलेली माझी आई मग इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्येच राहिली. तिच्या लेखी त्या दिवसापासून नात जेवणारी झाली होती. उठल्या उठल्या नाचणीचं घट्ट सत्त्व, दुपारी तूपभात, उन्हं कलली की पुन्हा सत्त्व. पोरगी मिटक्या मारत खायची, मलाही बरं वाटायचं. डब्यांतलं दूध मात्र तसंच राहू लागलं. संध्याकाळी बायको आली की पोरगी दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. बायको ठणकत्या छातीने पलंगावर बसून राहायची. पुढे तिला दूधही कमी येऊ लागलं.

वजन वाढेना म्हणून डॉक्टरांकडे गेलो. वर्षापर्यंत दूध हेच मुख्य, असं त्यांनी सांगितलं. सत्त्व-भात हवाच, पण दुधाच्या जागी नाही. आधी दूध, थोड्या वेळाने वाटी, आणि तिने तोंड मिटलं की थांबायचं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय डॉक्टरनं वाढवलं? सत्त्वावरच वाढला तू. मेला का?"

वडील गेल्यावर दिवसभर मजुरी करून तिने मला तेच सत्त्व भरवलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातातली वाटी मी काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

त्याच आठवड्यात मावशी आली. मी पोरीला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजताना पाहून ती आईला म्हणाली, "अक्का, तुझा पोऱ्या तर दाई झाला गं."

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. पूर्वी असं कुणी बोललं असतं तर मी उठून गेलो असतो. मी बसून राहिलो. पोरीची हनुवटी पुसली.

"दाई म्हण, मावशी," मी म्हणालो. "पण हे दूध संपेपर्यंत वाटी कुणी आणायची नाही."

वाटी हिसकावल्याची मी आईची माफी मागितली, पण क्रम बदलला नाही. तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की अजून अपराधी वाटतं. वाटू दे. पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

वजनाचा काटा आता हळूहळू सरकतोय. काल संध्याकाळी बायको आली, तशी पोरगी दारापर्यंत रांगत गेली आणि तिच्या कुशीत शिरून पीत राहिली. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभी होती.

"सत्त्व थंड होतंय," ती म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो.