भिंतीवरच्या कमांडी

माझं शिक्षण दुसरी. बायको चौथी शिकलेली, म्हणून घरात हुशार तीच. तिला जाऊन वरीस होत आलं. लोक म्हणतात, दुःख हळूहळू कमी होतं. खोटं बोलतात.

कोरोनाच्या साली आमचा पोरगा पुण्याहून गावी आला. आमचं गाव भूमच्या अलीकडं. कंपनीचं काम तो घरूनच करायचा. रेंज फक्त पुढच्या सोप्यात, तीही येत-जात. काळ्या पडद्यावर तो इंग्रजी ओळी टाकायचा आन् कॉम्प्युटर त्याचं ऐकायचा. त्या ओळींना कमांड म्हणतात. सगळ्या काय ध्यानात राहत न्हाईत. मग तो नेटवर हुडकायचा, आन् नेट गेलं की डोकं धरून बसायचा.

एकदा असाच बसला तर बायको म्हणाली, "रोज रोज तेच काय हुडकतो रं? एकदा घावलं की लिहून ठेव की."

"कुठं लिहू आई? कागद ऐन वक्ताला सापडत न्हाय."

"भिंत कुठं जाती व्हय?"

तिनं गेरू कालवला, काडीला कापूस गुंडाळला आन् सोप्याच्या भिंतीवर सुरू केलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. पडद्यावर बघून ती एकेक अक्षर रांगोळीसारखं काढायची. आडव्या रेघा, तिरप्या रेघा, ठिपके, काही सोडायची न्हाय. शेजारी ओळखीसाठी चित्र. हुडकायच्या कमांडीला चाळणी. अडकलेलं काम मारायच्या कमांडीला विळा. एका जागचं दुसरीकडं न्यायच्या कमांडीला डोक्यावर पाटी घेतलेली बाई. पोरगा मधीच वरडायचा, "आई, विळा कुठाय?" ती भाकरी थापता थापता सांगायची, "खुंटीखाली बघ."

म्या म्हणायचो, "ह्याच्या सायबाला कळलं कंपनी भिंतीवर चालती, तर तुलाच पगार चालू करील."

"करू द्या की. मग तुम्ही थापा भाकरी."

खुंटीपासून दारापर्यंत भिंत भरली. मग कंपनीनं बोलावलं, पोरगा पुण्याला गेला. दर दिवाळीला ती सगळं घर पांढऱ्या मातीनं पोतारायची, ती एक भिंत सोडून. पोरगा फोनवर म्हणायचा, "आई, पुसून टाक ते. आता एआयला विचारलं की लगेच सांगतंय." ती म्हणायची, "आन् तुझं ते बंद पडलं म्हंजे?"

मागच्या साली ताप आला आन् त्यातच ती गेली.

सुतक फिटताना, दहाव्याला, आमच्याकडं बायका सगळं घर धुतात, पोतारतात. आमी गडीमाणसं नदीवर पिंडाला गेलो होतो. कावळा लवकर शिवंना. परत आलो तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. सोप्यात पाय ठेवला तर भिंत ओली, पांढरीफेक. धाकटी मेव्हणी हात पुसत म्हणाली, "भाऊजी, केवढं गिरगटलेलं होतं हो इथं! तीनदा हात फिरवला तवा गेलं."

बहिणीचं घर म्हणून राबली होती बिचारी. तिला काय बोलणार? म्हणलं, "चांगलं केलंस."

पोरगा माझ्यामागं उभा होता. हळूच म्हणाला, "तात्या, जाऊ द्या. त्या कमांडी सगळ्या नेटवर हायेत."

"कमांडी असतील. तिचा हात हाय का नेटवर?"

त्याचं तोंड उतरलं. फोटो काढला होता का, इचारलं. न्हाय म्हणाला. रोज डोळ्यापुढं असलेल्या भिंतीचा फोटो कोण काढतं? शाळा सुटल्यापासून सहीपलीकडं तिनं लिहिलेलं तेवढंच होतं.

पावणे गेल्यावर म्या नखानं खरवडून बघितलं. वरची माती निघाली, तिच्यासंगं खालचा गेरूही निघाला. ओल्यात दोन्ही एक झालेलं. लाल भुकटी तेवढी बोटाला लागली. सोडून दिलं.

दिवाळीला पोरानं काचेची चौकट आणली. आठवतील तेवढ्या कमांडी त्यात छापून घेतलेल्या. मशीनची अक्षरं, सगळी एकसारखी, वाकडंतिकडं काही न्हाय. चांगल्या मनानं केलं त्यानं. म्हणलं, टांग त्याच भिंतीवर. कुणी आलं की इचारतं, हे काय हाय. म्या सांगतो, पोराच्या कामाचं हाय.

जेवताना तिकडं पाठ करून बसतो.